लोखंडी पेल्याचा तळ

थोरल्या जाऊने वर्षभर साबणाला हात लावला नव्हता आणि घरात कोणाला त्याचं काही वाटलंही नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच. तो आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून आता घरी बसलेला माणूस. संसारातल्या झाडून सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच औषध होतं, 'जाऊ दे'. दूध उतू गेलं, जाऊ दे. छप्पर गळतंय, जाऊ दे. बायकोची अकरा वर्षांची नोकरी एका सकाळीत गेली, तेही जाऊ दे. थोरलीने हे औषध वर्षभर मुकाट्याने घेतलं आणि तिला काडीचाही गुण आला नाही.

नोकरी पाळणाघरातली होती. पुढे मुलांच्या खोल्या, मागच्या अंगाला धुण्याची खोली, आणि त्या खोलीत थोरलीचं राज्य. लंगोट, दुपटी, लाळेरी, ओकारी झालेल्या चादरी, रोजचे दोन ढीग. विकतची पावडर महाग पडायची, शिवाय लहानग्यांच्या कातडीला सोसायची नाही, म्हणून थोरली साबण घरीच करायची. खानावळीतून तळणीचं उरलेलं तेल आणायचं, गाळायचं, पाण्यात उकळून त्याचा वास घालवायचा. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून निवू द्यायचा, तेलात ओतायचा आणि काठीने ढवळत बसायचं, काठीची रेघ वर उमटून तशीच राहीपर्यंत. ते लाकडी साच्यांत ओतायचं आणि वड्या पाडून महिनाभर फळीवर सुकवायच्या. फरशीला धुण्याच्या सोड्याचं पाणी, काचांना व्हिनेगरचं, आणि ही दोन पाणी कधी एकत्र करायची नाहीत. एकत्र केली की नुसती फसफसतात, एकमेकांना मारून मोकळी होतात आणि बघणाऱ्याला वाटतं काय ताकद आहे, असं ती आयांना समजावून सांगायची. पाळणाघरातली पोरं तिला साबणआजी म्हणायची.

हे सगळं तिला सासूने शिकवलेलं. घरात वजनकाटा कधीच नव्हता. एक डबा तेलाला तीन पेले सोडा, हे सासूचं माप, आणि पेला म्हणजे सासूचाच तो काळा, जड लोखंडी पेला. शेवटचा धडा जिभेचा. वडी सुकली की तिला जिभेचं टोक लावून बघायचं. नुसतं कडू लागलं तर साबण झाला. जिभेला विजेसारखा चटका बसला तर सोडा जास्त झालाय, त्यातली एकही वडी घराबाहेर जाऊ द्यायची नाही. थोरली प्रत्येक खेपेला जीभ लावायची आणि अकरा वर्षांत तिला एकदाही चटका बसला नव्हता.

गेल्या वर्षी बहीण आजारी पडली म्हणून ती दहा दिवस परगावी गेली. तिच्या जागी कामाला गेली धाकटी जाऊ. ही वरच्या मजल्यावर राहायची. तोंडाने गोड, हाताने चपळ, आणि कुठलंही काम दोनदा बघितलं की आपल्याला आलंच असं समजणारी. थोरली परतली त्या सकाळीच तिला पाळणाघराच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. नऊ मुलांचे कुल्ले लालभडक झाले होते. त्यांतल्या जुळ्या भावंडांची तर सालं निघाली होती. बाईंच्या टेबलावर फळीवरच्या चार वड्या मांडलेल्या होत्या आणि समोर जुळ्यांची आई उभी होती.

थोरलीने एवढंच सांगितलं की मी प्रत्येक खेपेला जीभ लावून बघते, या खेपेलाही बघितली होती. पाठीमागून एक आया फिसकन हसली. लहान मुलांच्या कपड्यांचा साबण तुम्ही चाटता, असं बाईंनी असं काही तोंड करून विचारलं की थोरलीला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या धाकटीने मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊबाईंना अलीकडे नीट दिसत नाही हो," ती बाईंना म्हणाली. "मी घरी कितीदा सांगितलं, एखाद दिवशी माप चुकेल म्हणून. ऐकत नाहीत."

जुळ्यांची आई काही ओरडली नाही. मुलांना कडेवर घेऊन जाताना ती त्यांना एवढंच म्हणाली, की आजपासून हिला आजी म्हणायचं नाही.

वड्या फेकून दिल्या गेल्या. थोरलीची जागा धाकटीला मिळाली. आणि खरी वाईट गोष्ट ही, की थोरलीने ते सगळं खरं मानलं. आपल्याच हाताने ती पोरं भाजली, या विचाराने तिने अंथरूण धरायचंच बाकी ठेवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली तर ते म्हणाले, तुमच्या वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. तिला वाटलं, म्हातारीचं मन राखतायत. भाजीत मीठ घालताना ती नवऱ्याला चव बघायला बोलवायला लागली. सुईत दोरा स्वतः ओवेना. पाळणाघरावरून जायचा रस्ता टाळून ती बाजाराला लांबच्या वाटेने जायची, आणि नवरा म्हणायचा, जाऊ दे.

वर्ष असं गेलं. एका सकाळी धाकटी जिना उतरून खाली आली. पावडरीचा खर्च परवडेना म्हणून मोठ्या बाईंना पुन्हा घरचा साबण हवा होता. महिन्याभराने शनिवारी पालकांना बोलावून स्वस्तातला साबण आणि साफसफाईची पाणी घरच्या घरी कशी करायची, ते धाकटीने शिकवायचं होतं, आणि लगेच पुढच्या सोमवारपासून पाळणाघरात तो साबण सुरू व्हायचा होता. आमच्या सासूबाईंची कृती आहे, असं तिने बाईंना सांगितलंही होतं. तिला हवे होते लाकडी साचे.

"तुमचे साचे द्या, जाऊबाई," ती म्हणाली. "मागच्या खेपेला मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ओतला तर सगळ्या वड्यांच्या कडा वाकड्या आल्या."

"मागच्या खेपेला म्हणजे कधी?" थोरलीने विचारलं.

धाकटीने जीभ चावली. असाच, घरच्यापुरता, कधीतरी केला होता, असं काहीबाही बोलून तिने साचे काखोटीला मारले. तीन पेलेच ना, असं दारातून विचारलं आणि 'हो' ऐकून ती वर गेली.

थोरली तशीच उभी राहिली. बाईंच्या टेबलावरच्या त्या चार वड्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. त्या चारही वड्यांच्या कडा वाकड्या होत्या. तिला ते त्याच दिवशी दिसलं होतं, पण धाकटी तेव्हाच डोळ्यांचं बोलत होती, आणि थोरलीला वाटलं होतं की वाकडं आपल्यालाच दिसतंय. लाकडी साच्यातून वाकडी वडी येतेच कशी, हा साधा प्रश्न तिला वर्षभर सुचला नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, तसं तिला झालं. ती परगावी असताना साबण संपला होता. धाकटीने आपला साबण करून दोन दिवसांत, न सुकवता, गुपचूप फळीवर ठेवला होता. आणि पोरं भाजल्यावर खांद्यावर हात ठेवला होता.

पण साबण चुकला कसा? माप तर तीन पेलेच. थोरली साच्याची मागे राहिलेली फळी द्यायचं निमित्त काढून वर गेली. धाकटीच्या ओट्यावर सोड्याच्या डब्याशेजारी स्टीलचा एक नवाकोरा पेला होता, सहाच्या संचातला. उंचीला लोखंडी पेल्याएवढाच. तसलाच एक पेला धाकटी कधीतरी साखर मागायला आली तेव्हा खालीच विसरली होती. खाली येऊन थोरलीने तो शोधून काढला, काठोकाठ पाण्याने भरला आणि ते पाणी सासूच्या लोखंडी पेल्यात ओतलं. लोखंडी पेला भरला, आणि तरी पाणी यायचं थांबेना. ओट्यावरून ते खाली तिच्या पावलांवर सांडलं.

तिने लोखंडी पेला उलटा केला, आत बोट घातलं, बाहेरून बोट लावलं. आतला तळ बाहेरच्या बुडापेक्षा दीड बोट वर होता. कधीकाळी तळ गंजून गळला असेल आणि लोहाराने आत नवा बसवून दिला असेल. ती या घरात यायच्या आधीची गोष्ट. सासूने शिकवलेले तीन पेले हे या उथळ पेल्याचे तीन पेले होते. कोणाला ठाऊक नव्हतं, सासूलाही कधी आठवलं नसेल. स्टीलच्या तीन पेल्यांत लोखंडी चार पेले सोडा बसत होता.

त्या ओल्या फरशीवर उभी राहून थोरली रडली, आणि मग तिला हसू आलं. आपले हात शाबूत होते. आपले डोळे शाबूत होते. वर्षभर आपण चोराच्या उलट्या बोंबा ऐकून स्वतःलाच चोर ठरवलं होतं.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. त्याने वर्तमानपत्र खाली केलं, विचार केला आणि म्हणाला, आत्ता वर जाऊन सांग तिला, पाऊण पेला कमी घाल म्हणावं, नि जाऊ दे.

हेच तर थोरलीला करायचं नव्हतं. आत्ता सांगितलं तर धाकटी 'अय्या' म्हणणार, पाऊण पेला कमी घालणार, साबण उत्तम होणार आणि शनिवारी टाळ्या घेणार. न सांगावं तर सोमवारी साबण पोरांच्या लंगोटांना लागणार. एक दुष्ट विचार तिच्या मनात येऊन गेला, हे कबूल केलं पाहिजे. दोन दिवस लागू दे. दोन दिवसांत पोरं लाल होतील आणि धाकटीचं सोंग उघडं पडेल. पण जुळ्यांच्या त्या सोललेल्या मांड्या तिने पाहिल्या होत्या. त्या पिल्लांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? भाजायचंच असेल तर जिला भाजायला हवं तिलाच भाजू दे, आणि सोमवारच्या आत.

त्याच दिवशी तिने खानावळीतून तेल आणलं. वर्षाने कॉस्टिकचा डबा उघडला. लोखंडी पेल्याने तीन पेले मोजले, खिडक्या उघड्या टाकून सोडा विरघळवला, काठीची रेघ उमटेपर्यंत ढवळलं. साचे वर गेले होते, म्हणून तिने नवऱ्याकडून घड्याळांच्या जुन्या लाकडी पेट्या घेतल्या. त्याने द्यायला कुरकुर केली. थोरली म्हणाली, "जाऊ दे." त्याने पेट्या काढून दिल्या.

महिनाभर एकाच जिन्याच्या खाली आणि वर दोन साबण सुकत होते. थोरली इतकी गोड वागायला लागली की धाकटीला संशय यायला हवा होता. पण धाकटी स्वतःवर खूश होती; गेल्या वर्षी नुसतं सुकवायचं राहिलं म्हणून पोरं भाजली, असं तिने धरून ठेवलं होतं. तिच्या वड्या पांढऱ्याशुभ्र आल्या होत्या, वरून पिठासारखी भुकटी सुटत होती आणि कडा टणक होत्या. किती पांढऱ्या झाल्यात बघा, जाऊबाई, असं ती दर आठवड्याला दाखवायची. थोरली म्हणायची, खरंच गं, माझ्या कधी इतक्या पांढऱ्या झाल्या नाहीत. हे अगदी खरं होतं. थोरलीच्या वड्या पिवळसर, तेलकट दिसायच्या. त्यातल्या एकीला तिने चौथ्या आठवड्यात जीभ लावली. कडू. नुसतं कडू. त्या कडूपणाने तिला इतका आनंद झाला की तिने पुन्हा एकदा चाटलं.

शनिवारी सकाळी पाळणाघराच्या मोठ्या खोलीत वीसएक पालक आले. बसायला पोरांच्याच खुर्च्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते. थोरली शेवटी जाऊन दाराशी उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत एक वडी, एक पाण्याची बाटली आणि लोखंडी पेला. मोठ्या बाईंनी तिला पाहून कपाळाला आठ्या घातल्या, पण चारचौघांत काही बोलल्या नाहीत. पुढच्या रांगेत जुळ्यांची आई होती.

धाकटीने टेबल छान मांडलं होतं. तिने आधी धुण्याचा सोडा घेतला आणि त्यावर व्हिनेगर ओतलं. फेस भांड्याबाहेर आला, पालकांनी टाळ्या वाजवल्या. हेच मोरीत ओता, मोरी लख्ख, असं तिने ठणकावून सांगितलं. थोरलीनेही टाळ्या वाजवल्या. मग आल्या पांढऱ्याशुभ्र वड्या. किती स्वस्त, किती सोप्या, एक डबा तेलाला तीन पेले सोडा, सासूबाईंची पिढीजात कृती, सोमवारपासून तुमच्या मुलांचे कपडे याच साबणाने धुतले जाणार. काही शंका असतील तर विचारा.

"मला एक विचारायचंय," थोरली मागून म्हणाली आणि पुढे आली. "सासूबाईंची पद्धत म्हणतेस, तर जीभ लावून बघितलीस का?"

खोलीत खसखस पिकली. काही जुन्या पालकांना तो किस्सा आठवत होता.

"जाऊबाई, ते चाटायचं वेड अजून गेलं नाही का?" धाकटी हसत म्हणाली.

थोरलीही हसली. तिने पिशवीतली आपली पिवळट वडी काढली, सगळ्यांना दाखवली, तिला जिभेचं टोक लावलं आणि सांगितलं, कडू आहे, दुसरं काही नाही. मग धाकटीची एक पांढरी वडी उचलून तिने धाकटीच्याच हातात दिली.

"शी," धाकटी म्हणाली. "मी नाही हो असलं करत."

तेव्हा जुळ्यांची आई बोलली. ती त्या छोट्या खुर्चीतून उठलीही नाही. "माझ्या मुलांच्या कातडीला चालेल म्हणता," ती म्हणाली, "तर तुमच्या जिभेला का चालणार नाही?"

आता माघार घ्यायची सोय नव्हती. थोरलीला अजूनही सांगता आलं असतं, की बाई गं, लावू नकोस. ते शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिने ते गिळले. धाकटीला तर वाटत होतं की प्रश्न नुसता किळसेचा आहे. म्हणून तिने टोक लावून भागवलं नाही. सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावले, जीभ पुरती बाहेर काढली आणि वडी या कडेपासून त्या कडेपर्यंत चाटली.

पहिल्यांदा तिचे डोळे मोठे झाले. मग हातातली वडी खाली पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. ती तोंड उघडं टाकून वाकली, जीभ पदराला पुसायला लागली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडातून शब्द नाही. हाताला लागलं ते भांडं तिने उचललं, ते निघालं व्हिनेगरचं. थोरलीने तिचं मनगट धरलं.

"ते नको, आणखी झोंबेल. पाणी आहे माझ्याकडे." तिने बाटलीतलं पाणी लोखंडी पेल्यात ओतलं, पेला धाकटीच्या तोंडासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला. "आधी सांग. गेल्या वर्षी मी परगावी असताना फळीवर साबण कोणी ठेवला?"

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. अहो, आधी पाणी द्या तिला, असं कोणीतरी म्हणालं. थोरलीने ऐकलं नाही. हे क्रूर होतं, आणि तिला ते क्रूर आहे हे कळत होतं, आणि तिला बरं वाटत होतं. वर्षभर ती जे गिळत होती त्याच्यापुढे हे चार श्वास काहीच नव्हते.

धाकटीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"मुलं कोणाच्या साबणाने भाजली?"

पुन्हा तेच बोट, तिथेच.

"आणि माझ्या डोळ्यांना काय झालं होतं?"

धाकटीने मान हलवली. काही नाही, काही नाही.

थोरलीने पेला तिच्या हातात दिला. धाकटीने घोट घेतला, खळखळून थुंकला, दुसरा घेतला, थुंकला, तिसरा घ्यायला पेला वर केला तर तो रिकामा. तिने आत वाकून पाहिलं, जणू पाणी कोणी चोरलंय.

"एवढंच मावतं त्यात," थोरली म्हणाली. "तळ दीड बोट वर आहे. तीन पेले सोडा म्हणजे या पेल्याचे तीन. तुझ्या स्टीलच्या पेल्याचे नव्हेत. मला विचारून केला असतास तर मी हाच पेला काढून दिला असता."

मग तिने बाटली तिच्या हातात ठेवली आणि खुशाल चूळ भरू दिली. मोठ्या बाईंनी फुटलेल्या वडीकडे पाहिलं, टेबलावरच्या पांढऱ्या ढिगाकडे पाहिलं आणि आयांना तो सगळा ढीग बाहेर काढायला सांगितला. त्यांना माफी मागायची सवय नव्हती. त्या घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, की थोरल्या बाई, सोमवारपासून या, तुमची जागा तुमचीच आहे.

जुळ्यांची आई जवळ आली. ती काहीतरी बोलणार होती, पण थोरलीने तिला बोलू दिलं नाही. आजी म्हणू दे त्यांना पुन्हा, बस, असं ती म्हणाली. जुळ्यांच्या आईने तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मग थोरली मोठ्या बाईंकडे वळली.

"सोमवारी येते," ती म्हणाली. "पण हिला काढू नका. धुणं तिच्याकडेच राहू दे. साबण मी करेन आणि दर खेपेला जीभ ती लावेल."

धाकटी ओल्या पदराने तोंड दाबून कोपऱ्यात उभी होती. बाईंनी तिला विचारलं, चालेल ना? तिला बोलता येत नव्हतं. तिने मान डोलावली आणि लोखंडी पेला, पुसून, थोरलीला परत दिला.